मिठाईच्या खोक्यातली मगर: कागद कापून हॅलोवीनचे दिवे घरी कसे करायचे

आमच्या सोसायटीत ३१ ऑक्टोबरला मुलांची हॅलोवीन पार्टी असते. गरब्याची जी कमिटी तीच इथे पण, फक्त चणियाचोळीच्या जागी काळे कपडे आणि तोंडाला पांढरी पावडर. पहिल्या वर्षी मी बाजारातून तयार प्लॅस्टिकचे भोपळे आणले, आत बटणाएवढा दिवा, लावले काय नि न लावले काय सारखेच दिसत होते, आणि दोन तर पार्टी संपायच्या आत बंदच पडले. तेव्हा डोक्यात आलं, अगं आपण लहानपणापासून दर दिवाळीला आकाशकंदील घरी करत आलोय, काड्या, खळ, पतंगी कागद, आत बल्ब, मग हे काय वेगळं आहे? तेव्हापासून सगळं घरीच करते. खूप कागद वाया घालवले, दोनदा बोट कापलं, आणि त्यातून जे हाताला लागलं ते सगळं इथे लिहितेय.

एक गोष्ट आधीच सांगते कारण मला ती दोन वर्षांनी कळली. सगळेजण कापण्यावर मेहनत घेतात, बारीक नक्षी, वटवाघळाच्या पंखाचं टोक न् टोक, आणि मग मागे दिवा कसाही चिकटवतात. उलट करा. साधं कापलेलं चित्र नीट उजेडात ठेवलं तर बघणारा थांबतो, आणि कितीही नाजूक कापलं पण मागे एलईडीचे ठिपके डोळ्यात घुसत असले तर कोणी कागदाकडे बघतच नाही. दिवा कागदापासून किती लांब, मध्ये काय घातलंय, यावरच सगळं आहे.

भुतं कुठली घ्यायची

सासूबाई पहिल्या वर्षी म्हणाल्या, दिवाळी होऊन दहा दिवस नाही झाले आणि दारात भुतं कशाला. मी सांगितलं की हे मूळ आयर्लंडकडचं, तिथे उन्हाळा संपून थंडीचे दिवस लागतात त्या रात्री मेलेली माणसं परत येतात असं मानायचे, म्हणून सलगम कोरून त्यात दिवा ठेवायचे, मग ती माणसं अमेरिकेत गेली, तिथे भोपळा मोठा मिळाला आणि कोरायला सोपा, सलगम मागे पडलं. त्या म्हणाल्या म्हणजे सर्वपित्री अमावास्याच की. तसं बघितलं तर बडोद्यात आपण काळी चौदस, म्हणजे आपली नरकचतुर्दशी, बघतोच, शेजारच्या बेन वडे तळून चार रस्त्यावर ठेवून येतात, घरातला ककळाट, म्हणजे भांडणतंटा, बाहेर काढायला, तेव्हा या दिवसांत भुतांची ये-जा आपल्याकडे काही नवीन नाही.

तर डिझाइन नेटवरून जसंच्या तसं उचलू नका. झाडूवरची चेटकीण आणि चर्चमागची थडगी बघून आमच्याकडच्या एकाही मुलाला भीती वाटली नाही. वडोदरा हे नावच वडावरून आलंय म्हणतात, तर वड घ्या, त्याच्या पारंब्या कापायला सगळ्यात सोप्या, वेड्यावाकड्या झाल्या तरी खऱ्याच वाटतात. वडावर वटवाघळं उलटी टांगा. पिंपळावर मुंजा बसवा. हडळ करायची तर बाकी काही नको, मोकळे केस आणि उलटी पावलं, बस. आणि आमच्या गावचं खरंखुरं भय म्हणजे विश्वामित्री नदीतली मगर. आम्ही राहतो कारेलीबागेत, नदी काही फार लांब नाही, २०२४ च्या ऑगस्टमधल्या पुरात मगरी रस्त्यांवर आणि सोसायट्यांत शिरल्या होत्या ते इथल्या प्रत्येक मुलाला पाठ आहे. मगरीच्या डोळ्यावर रात्री टॉर्च मारला की डोळे लालसर चमकतात, काळ्या पाण्यात दोन ठिपके. कागदात करायला याहून सोपं आणि याहून भारी काही नाही.

सामान

काळं कार्डशीट, २२० ते २५० जीएसएमचं. जीएसएम म्हणजे एक चौरस मीटर कागदाचं ग्रॅममधलं वजन, प्रिंटरचा कागद ७०-८० चा असतो त्यावरून अंदाज घ्या. १५० च्या खालचं काळं शीट दिव्यासमोर धरलं की तपकिरी दिसतं, उजेड आरपार येतो, आणि ३०० च्या वरचं कापताना मनगट दुखतं. दुकानात घ्यायच्या आधी मोबाइलचा टॉर्च मागे धरून बघा, दुकानदार विचित्र नजरेने बघतो पण चालतं. काही शीटं एकाच बाजूने काळी असतात आणि कापलेली कड पांढरी दिसते, आरपार काळं मिळालं तर तेच घ्या.

पांढरा ड्रॉइंग पेपर १२०-१५० चा, ट्रेसिंग पेपर किंवा बटर पेपर, आणि पतंगी कागद. पतंगी कागदाच्या बाबतीत आपण बडोदेकर नशीबवान, मांडवी-गेंडी गेटच्या बाजूला पतंगवाल्यांकडे हवा तो रंग मिळतो, उत्तरायणची, म्हणजे संक्रांतीच्या पतंगांची, गर्दी अजून लांब असते त्यामुळे निवांत बघता येतं. नारिंगी, पिवळा, लाल, जांभळा, एकेक ताव पुरे. क्रेप पेपर घेऊ नका, त्याच्या सुरकुत्या उजेडात रेघा रेघा दिसतात.

कटर ९ मिमीचा बारीकवाला, आणि शक्य असेल तर त्यात ३० अंशाचं टोकदार ब्लेड, नेहमीचं ब्लेड कमी टोकदार असतं, ते वळणावर अडतं. कटिंग मॅट, नसेल तर जुन्या कॅलेंडरचा पुठ्ठा चार पदरी करून. स्टीलची पट्टी, प्लॅस्टिकची नको, कटर तिचाच तुकडा काढतो. ग्लू स्टिक, डबल टेप, काळी टेप. संपलेलं बॉलपेन, घडीची रेघ दाबायला.

खोकं मात्र विकत आणू नका. दिवाळीत येणाऱ्या मिठाईचे एक किलोवाले खोके टाकू नका, पाच-सहा सेंटिमीटर खोल असतात, आपल्याला नेमकं तेवढंच हवं. आतलं तूप लागलेलं असेल तर टेप चिकटत नाही, तिथे आधी कोरडं पीठ चोळून पुसून घ्या.

दिव्यांचे तीन प्रकार लागतात. तांब्याच्या तारेवरची फेअरी लाइट, पेन्सिल सेलच्या डबीवाली. यूएसबीवर चालणारी ५ व्होल्टची एलईडी पट्टी. आणि सुटे ५ मिमीचे लाल एलईडी, सोबत सीआर २०३२ चा बटण सेल. पणती, मेणबत्ती कागदाच्या आत अजिबात नको, पंखा लागला की संपलं. आणि तो जुना झिरोचा बल्ब पण नको, नावाला झिरो, प्रत्यक्षात १२-१५ वॉट खातो आणि तापतो.

कापायच्या आधी: पूल

रांगोळीचा पत्र्याचा छापा आठवा. फुलाच्या मधला गोल खाली पडत नाही कारण त्याला चारी बाजूंनी बारीक पट्ट्या सोडलेल्या असतात. हेच पूल. काळ्या कागदात डोळ्याचं भोक पाडलं आणि आत बुबुळ हवं असेल तर ते बुबुळ कुठेतरी जोडलेलं पाहिजे, नाहीतर कापून झाल्यावर हातात येईल. (आलंच तर घाबरू नका, मागच्या बटर पेपरवर चिकटवा, कुणाला कळत नाही.) २५० च्या शीटला पूल कमीत कमी ३ मिमी ठेवा. पारंब्यांना दोन मिमी चालतं कारण त्या वरून खालपर्यंत ताणलेल्या असतात, पण वटवाघळाचा आडवा पंख दोन मिमीवर लोंबकळला की दुसऱ्या दिवशी वाकतो.

चित्र काढताना पेन्सिलीने काय राहणार तिथे फुली मारा आणि काय जाणार तिथे रेघा ओढा. खुळचट वाटतं पण अर्ध्या तासाने कटर हातात असताना डोकं उलटं चालतं आणि झाडच कापून टाकतो आपण, मी टाकलंय. काळ्यावर पेन्सिल दिसत नाही, तर चित्र साध्या कागदावर काढा, तो कागद काळ्या शीटवर चार कोपऱ्यांना टेपने लावा आणि दोन्ही एकदम कापा. शीटच्या मागच्या बाजूने कापणार असाल तर चित्र उलटं होणार हे लक्षात ठेवा, झाडाला फरक पडत नाही, अक्षरांना पडतो, आमच्या दारावर एक वर्ष 'भूत' आरशातल्यासारखं होतं.

कापताना आधी आतली बारीक भोकं, मग मोठी, बाहेरची कड सगळ्यात शेवटी, म्हणजे कागद शेवटपर्यंत ताठ राहतो. कोपऱ्यापासून सुरुवात करा आणि कोपऱ्याकडून बाहेर या, कोपऱ्याकडे जाऊन थांबायचा प्रयत्न केला की कटर पुढे सरकतो. वळणावर हात नाही, कागद फिरवायचा. एका दाबात आरपार जायचा हट्ट नको, दोन हलके हात मारा. तुकडा अडकला तर ओढू नका, ओढला की कड फाटून पांढरे तंतू बाहेर येतात आणि दिव्यासमोर ते केसासारखे चमकतात. आणि ब्लेडचं टोक बोथट होतं त्याआधीच मोडा, ए-४ च्या एका चित्राला मी दोन-तीन टोकं मोडते. मोडताना पक्कड वापरा, तुकडे जुन्या औषधाच्या डबीत टाका, कचऱ्याच्या पिशवीत सुटे नको, कचरा उचलणाऱ्याच्या हाताला लागतं.

लहान मुलांना कटर देऊ नका पण काम द्या, कागद मधोमध दुमडून कात्रीने अर्धं वटवाघूळ कापायचं, उघडलं की पूर्ण. दहा मिनिटांत पन्नास होतात.

आधी सोपं: दारातला चौकोनी कंदील

एक ए-३ काळं शीट, म्हणजे ४२० बाय २९७ मिमी. लांबीवर १००, २००, ३००, ४०० ला खुणा करा, चार बाजू झाल्या आणि शेवटी २० मिमी चिकटवायची पट्टी उरली, एक तुकडा वाया जात नाही. खालून ३० मिमी सोडून आडवी रेघ, ते तळासाठी आत दुमडायचं. रेघांवर पट्टी धरून संपलेलं बॉलपेन दाबून फिरवा, म्हणजे घडी सरळ बसते. दुमडू नका अजून, सगळं काम सपाट असतानाच उरकायचं.

प्रत्येक बाजूला कडेने १२ मिमी मोकळी सोडा आणि आत चित्र, एकीवर भोपळ्याचं तोंड, एकीवर पिंपळ आणि मुंजा, एकीवर हडळ, एकीवर नुसती वटवाघळं. चारही बाजू सारख्या केल्यात तर कंदील फिरला तरी मजा येत नाही.

कापून झालं की मागून रंग. इथे ग्लू स्टिकच, पातळ डिंक किंवा फेविकॉल लावलात तर पतंगी कागद आकसतो आणि रंग सुटून हाताला लागतो. आधी काळ्याच्या मागे पतंगी कागद, त्याच्यामागे बटर पेपर, म्हणजे दिव्याच्या बाजूला बटर पेपर येईल, तो एलईडीचे ठिपके पसरवतो आणि मग तो पसरलेला उजेड रंगातून बाहेर येतो. भोपळ्यासाठी एक युक्ती, मधे पिवळा, त्याच्यावर फाडलेल्या कडेचा नारिंगी, बाहेर नारिंगी दोन पदरी. कात्रीने कापलेली कड दिव्यासमोर रेघ दिसते, फाडलेली कड विरघळते.

आता दुमडा, डबल टेपने पट्टी चिकटवा, तळाच्या पट्ट्यांना घड्यांपाशी चिरा देऊन आत वळवा, त्यांच्यावर आतून ९८ मिमीचा चौकोनी पुठ्ठा बसवा. दिव्यासाठी पांढऱ्या कागदाची चार सेंटिमीटर जाडीची नळी करा, कंदिलापेक्षा थोडी बुटकी, फेअरी लाइटची तार तिच्यावर खालून वर गुंडाळा आणि नळी मधोमध उभी करा. तार नुसती आत कोंबली तर सगळा उजेड तळाशी आणि मुंजाचं डोकं अंधारात, हा अनुभव घेऊन झालाय. सेलची डबी तळाला ठेवली की वजन पण होतं, पंख्याने कंदील गिरक्या घेत नाही. टांगायचा असेल तर वरच्या कडेला आतून पुठ्ठ्याची पट्टी चिकटवून मगच भोक पाडा.

मोठं काम: खोक्यातला वड आणि मगर

याला दोन संध्याकाळी द्या. कल्पना अशी की एकामागे एक कागदाचे पडदे, मधे फट, सगळ्यात मागे दिवा, उजेड जेवढ्या कमी कागदांतून येईल तेवढी ती जागा लखलखते आणि जेवढे पदर वाढतील तेवढी अंधारी होते, त्यामुळे सपाट कागदालाच खोली येते. नाटकातल्या विंगा जशा असतात तसं.

खोक्याचं आतलं माप घ्या, सगळे पडदे त्याच मापाचे पण प्रत्येक बाजूला एक मिमी कमी, नाहीतर आत जाताना फुगतात. मागून पुढे असे येतील.

पहिला, ट्रेसिंग पेपर, काही कापायचं नाही. दुसरा, पांढरा ड्रॉइंग पेपर, त्यात चंद्राचं गोल भोक, मागून पिवळा पतंगी. गोल वाटीने काढा आणि चंद्र मधोमध नको, एका बाजूला. तिसरा, पुन्हा पांढरा, खाली लांबची झाडं आणि घरांची रेघ ठेवून वरचं आभाळ पूर्ण कापून टाका. चौथा, काळा, मोठा वड, बुंधा एका कडेला, फांदी चंद्राच्या समोरून गेलेली आणि तिला दोन-तीन वटवाघळं टांगलेली. वटवाघूळ चंद्रासमोरच पाहिजे, काळ्या आभाळात टांगलंत तर ते आहे हे फक्त तुम्हालाच माहीत. पाचवा, काळा, पुढचा, खाली गवत आणि पाणी, पाण्यावर मगरीचं डोकं, कडेने चौकट.

प्रत्येक पडद्याला चारी बाजूंनी १० मिमी चौकट सोडलेली असते, त्या चौकटीत पुठ्ठ्याच्या पट्ट्या चिकटवायच्या, म्हणजे फट राहते. कुरियरच्या खोक्याचा पुठ्ठा तीन-चार मिमीचा असतो, दोन पट्ट्या एकावर एक, सात-आठ मिमी झाले. चार फटी म्हणजे तीन सेंटिमीटर. राहिलेली दोन-तीन सेंटिमीटर दिव्याची. ही जागा वाचवायला जाऊ नका! एलईडीमधलं अंतर आणि एलईडीपासून ट्रेसिंग पेपरचं अंतर साधारण सारखं असलं पाहिजे, नाहीतर ठिपके दिसतात. मीटरला ६० एलईडीवाल्या पट्टीत दोन दिव्यांमधे साधारण १७ मिमी असतात, तिला अडीच सेंटिमीटर खोली छान पुरते. फेअरी लाइटचे दिवे लांब लांब असतात, एकीकडून दुसरीकडे पाच सेंटिमीटर असेल तर तार नागमोडी लावा आणि ओळी जवळ आणा. खोकं उथळच असेल तर दिवे मागच्या भिंतीवर न लावता आतल्या चारी कडांवर, तोंड आत करून लावा, मधे कुठेच ठिपका येत नाही, मात्र कडा जरा जास्त उजळतात.

खोक्याची आतली मागची बाजू पांढऱ्या कागदाने मढवा. मी आधी स्वयंपाकघरातली चांदी, म्हणजे फॉइल, लावली होती, ती चमकते खरी पण सुरकुत्यांच्या रेघा चंद्रावर उमटल्या, पांढरा कागद बरा.

उजेडाचा रंग. बाजारात वॉर्म व्हाइट मिळते ती पिवळसर, ३००० केल्विनच्या आसपास, आणि कूल व्हाइट निळसर, ६००० च्या वर (केल्विन म्हणजे उजेडाच्या रंगाचं माप). पिवळा-नारिंगी-लाल कागद असेल तर वॉर्म. निळा कागद वॉर्मसमोर धरलात तर मळकट काळा दिसतो, कारण त्या उजेडात निळं फार थोडं असतं आणि हा कागद तर फक्त निळंच सोडतो. निळं आभाळ हवंच तर कूल घ्या.

मगरीचे डोळे. इथे मी पहिल्यांदा करताना फसले. पुढच्या काळ्या पडद्यात दोन भोकं पाडली, मागे लाल कागद लावला, दिवा लावला तर डोळे ठार आंधळे, कारण त्यांच्या मागेच चौथ्या पडद्यातली काळी जमीन होती. एक तर डोळ्यांच्या रेषेत मागच्या सगळ्या पडद्यांना भोक पाडा, किंवा सरळ दोन लाल एलईडी डोळ्यांमागे लावा. एलईडीचा लांब पाय सेलच्या प्लस बाजूला, आखूड मायनसला, मधे सेल धरला की पेटतो, दोन लाल एकाच सेलवर चालतात, पण एक लाल आणि एक पांढरा लावू नका. लाल साधारण २ व्होल्टला पेटतो आणि पांढऱ्याला ३ च्या आसपास लागतात, दोघं एकत्र असले की लाल सगळं खातो आणि पांढरा मुका. मी सेल खराब आहे समजून दुकानदाराशी भांडून आले होते, नंतर परत जाऊन गुपचूप अजून दोन घेतले. भोकं गोल नको, बदामासारखी आडवी, आणि एलईडीचं टोक सॅंडपेपरने घासा म्हणजे डोळा पूर्ण भरून चमकतो.

बटण सेलबद्दल मात्र गंमत नाही. लहान मुलाने गिळला तर दोन तासांत अन्ननलिका आतून भाजते. सेलला चारी बाजूंनी टेप, खोक्याला टेप, आणि सुटे सेल हाताला येतील असे ठेवायचे नाहीत. घरात रांगणारं मूल असेल तर हे डोळे सोडाच, आरपार भोकवाली पद्धत करा.

सगळं बसलं की खोली अंधारी करून खोकं लावा आणि बाजूने बघा. सांध्यांतून उजेड गळतोच. मिठाईच्या खोक्याचा पुठ्ठा पातळ असतो, मागूनही उजळतो, तिथे काळ्या कागदाचा अजून एक पदर आणि कोपऱ्यांना काळी टेप. गळती बंद केली की समोरचं चित्र दुप्पट उठतं, ही पाच मिनिटं आळसाने सोडू नका. वायरीला मागे छोटी खाच द्या. पॉवर बँकवर लावणार असाल तर आधी अर्धा तास चालवून बघा, काही पॉवर बँकना वाटतं की एवढी कमी वीज कोणी घेत नाहीये म्हणजे फोन भरला, आणि त्या आपोआप बंद होतात. जुना मोबाइल चार्जर उत्तम.

जाता जाता दोन झटपट गोष्टी

फॉइलच्या किंवा टिश्यूच्या रोलच्या पुठ्ठ्याच्या नळ्या असतात ना, त्यात डोळ्यांच्या जोड्या कापा, वेगवेगळे, एक रागीट, एक झोपाळू, आतून पिवळा पतंगी, फेअरी लाइटचे दोन-तीन दिवे आत सरकवा, टोकं बंद, आणि नळ्या कुंड्यांतल्या पानांमागे लपवा. तुळशीत नको, आमच्याकडे त्यावरून एक पूर्ण संध्याकाळ गेली.

दुसरी तर त्याहून सोपी. लहान एकच दिवा असला की सावली धारदार पडते, पट्टीची सावली भुरकट. म्हणून मोबाइलचा टॉर्च घ्या, त्याच्यापासून ३० सेंटिमीटरवर काळ्या दोऱ्याने १२ सेंटिमीटरचं कागदी वटवाघूळ टांगा, भिंत टॉर्चपासून सव्वादोन मीटरवर असेल तर सावली साडेसात पट, म्हणजे ९० सेंटिमीटरची. दोरा जरासा हलला की अख्ख्या जिन्यावर ते फडफडतं. हडळीची उलटी पावलं कापून जिन्याच्या पायऱ्यांवर टेपने लावा, वर जाणाऱ्या माणसाला ती खाली येताना दिसतात.

३१ ऑक्टोबरला बडोद्यात सहाच्या सुमाराला सूर्य मावळतो, साडेसहापर्यंत चांगला अंधार होतो. त्याआधी लावून काही दिसत नाही, उगाच सेल जातात. आणि जिथे ठेवणार तिथली ट्यूबलाइट बंद ठेवायची परवानगी कमिटीकडून आधी घ्या, आमच्या वॉचमन काकांनी मुलं पडतील म्हणून बरोबर सात वाजता पॅसेजचे सगळे दिवे लावले होते, त्यांचंही चूक नव्हतं. पायऱ्यांच्या कडेला एक फेअरी लाइट सोडली की दोघांचंही भागतं.

पार्टी झाली की सेल काढून ठेवा, डबीत राहिले की वर्षभरात पाझरतात आणि हिरवट पांढरी बुरशीसारखी पूड धरते. कंदिलाची चिकटवलेली पट्टी सोडवून तो सपाट करता येतो. खळ वापरली असेल तर कसर लागते, ती पीठच खायला येते, म्हणून मी खळ फक्त आकाशकंदिलाला ठेवते. खोकं प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळून कपाटावर, पडदे खाली येतील असं आडवं, उभं ठेवलं तर पावसाळ्यात पारंब्या वाकतात. आमचं मात्र अजून कपाटावर गेलं नाहीये, सासूबाईंनी ते देवघराच्या खोलीबाहेर रात्रीचा दिवा म्हणून लावून ठेवलंय, फक्त मगरीच्या डोळ्यांचा सेल काढायला लावला.